माळवदाचे सागवान आणि बैठकीच्या खोलीसाठीचे कर्ज

परभणीहून पत्र लिहिणाऱ्या भगिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत आणि त्यांच्या यजमानांचे कृषी सेवा केंद्र आहे. बैठकीची खोली मिड-सेंच्युरी मॉडर्न, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यातील साध्या आधुनिक फर्निचरच्या, पद्धतीने सजवण्यासाठी त्यांना सजावटकाराने ५,४०,००० रुपयांचे अंदाजपत्रक दिले आहे. त्यासाठी ३,००,००० रुपयांची मुदत ठेव मोडून उरलेल्या २,४०,००० रुपयांचे वैयक्तिक कर्ज घ्यावे का, असा त्यांचा प्रश्न आहे. चंदीगडच्या जुन्या खुर्च्या आज लाखोंना विकल्या जातात, तेव्हा हा खर्चही गुंतवणूकच नव्हे का, असेही त्या विचारतात.

सप्रेम नमस्कार.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्या निर्णयाचे समर्थन आपण त्याच्यावर उभे केले आहे. चंदीगड वसवले जात असताना, १९५०च्या दशकात, वास्तुविशारद पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली तिथल्या सरकारी इमारतींसाठी सागवान आणि वेत वापरून खुर्च्या तयार झाल्या. पुढे त्या मोडीत निघाल्या, कवडीमोलाने विकल्या गेल्या आणि परदेशातील लिलावांत त्यांना प्रचंड किंमत आली. ती किंमत त्या विशिष्ट नगांच्या अस्सलपणाची आहे. त्यांतील अनेकांवर त्या त्या कार्यालयाची अक्षरे रंगवलेली आहेत आणि नग कुठून आला हे सिद्ध झाल्यावरच त्याला तो भाव मिळतो. त्याच घडणीची आज केलेली खुर्ची कितीही सुबक असली तरी घरात आल्या दिवसापासून ती वापरलेले फर्निचर ठरते. म्हणून हा खर्च घराच्या आनंदासाठी आहे असेच समजून त्याचा हिशेब करावा. तसा खर्च करण्यात गैर काहीही नाही.

आता ठेवीविषयी. मुलीच्या लातूरच्या शिकवणी आणि वसतिगृहासह आपला महिन्याचा खर्च ४८,००० रुपये आहे. सहा महिन्यांचे २,८८,००० होतात. म्हणजे ही ठेव शिल्लक पैसा नसून आपल्या कुटुंबाचा अडचणीच्या काळासाठीचा निधीच आहे. ज्या घरात दोन्ही उत्पन्ने पगाराची असतात तिथे मी थोडी सवलत देतो, परंतु यजमानांची उधारी सोयाबीन बाजारात गेल्यानंतर, दिवाळीच्या आगेमागे वसूल होते, आणि ज्या वर्षी पावसाने मोठी उघडीप दिली किंवा काढणीच्या वेळी अतिवृष्टी झाली त्या वर्षी ती पुढच्या हंगामापर्यंत अडकते, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. अशा वर्षी माल पुरवणाऱ्या कंपनीचे देणे मात्र थांबत नाही. ही ठेव मोडू नये.

कर्जाचे गणित तर सरळ आहे. २,४०,००० रुपये १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ८,२०० रुपये येतो आणि व्याजापोटी सुमारे ५५,३०० रुपये जातात. प्रक्रिया शुल्क वेगळे. पगारातून आपल्याकडे दरमहा १५,००० रुपये शिल्लक राहतात. त्यांतील निम्म्याहून अधिक रक्कम मुलीच्या बारावीच्या आणि प्रवेशाच्या वर्षांत बांधून टाकणे मला धोक्याचे वाटते.

अंदाजपत्रक मी बारकाईने वाचले. छताखालचे पीओपी आणि दिवे ८६,०००, भिंतीवरील पॅनेल आणि वॉलपेपर ५८,०००, असे १,४४,००० रुपये ज्या कामांवर आहेत त्यांचा या शैलीशी फारसा संबंध नाही. ही शैली दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत बहरली आणि तिच्या मुळाशी काटकसर होती: चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी रचनाकार दांपत्याने युद्धकाळात तिथल्या नौदलासाठी प्लायवूड वाकवून जखमींच्या पायांच्या आधारपट्ट्या केल्या आणि तेच तंत्र पुढे खुर्च्यांसाठी वापरले. कमी वस्तू, बुटकी बैठक, निमुळते पाय, उघडे लाकूड आणि मोकळी जमीन एवढ्यावर ती उभी राहते. स्लॅबची उष्णता हे पीओपीचे कारण असेल, तर गच्चीवर उष्णता परतवणारा पांढरा लेप देणे कितीतरी स्वस्त पडते.

आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट आपण शेवटच्या ओळीत लिहिली आहे: जिंतूर तालुक्यातील सासऱ्यांचे माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत असलेले जुने घर, उतरवले जात आहे आणि त्याच्या सागवानी तुळया व खांबांना व्यापारी ७०,००० रुपये देऊ करतो आहे. कृपया हा सौदा थांबवावा. आधी ओळखीच्या सुताराकडून लाकूड घनफुटात मोजून घ्यावे, भुंगा किंवा वाळवी लागलेला भाग वेगळा काढावा आणि उरलेल्या लाकडाची तुलना वखारीतील नव्या सागवानाच्या भावाशी करावी. अनेक वर्षे छताखाली वाळलेले सागवान सहसा पीळ खात नाही. जुने खिळे काढण्याची मजुरी मात्र धरावी लागते. त्यात दिरांचा हिस्सा असेल तर त्यांची रक्कम ठरवून लेखी करावे, आणि वाहतुकीपूर्वी वनविभागाच्या कार्यालयात परवान्याबाबत विचारावे.

या लाकडातून प्रथम तिघांसाठीचे बाक आणि वेताच्या दोन खुर्च्या कराव्यात. मजुरी, फोम, कापड आणि वेत मिळून ८०,००० ही मर्यादा मी घालतो. दरमहा १०,००० रुपयांचे आवर्ती खाते उघडल्यास आठ महिन्यांत ती रक्कम जमते. त्यानंतर सहा महिन्यांत ६०,००० मध्ये बुटके लांब कपाट. ते एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळ्यांचे, घेऊ नये, कारण आपल्याकडे उन्हाळाभर कूलर चालतो आणि त्याच्या ओलीने एमडीएफच्या कडा फुगतात. शेवटच्या दोन महिन्यांत २०,००० मध्ये दिवा आणि पडदे. अशा रीतीने सोळा महिन्यांत १,६०,००० रुपयांत, व्याज न भरता, खोली पूर्ण होईल आणि दरमहा ५,००० रुपये हाताशी राहतील. सुताराचा अंदाज वाढला तर एखादी वस्तू कमी करावी, मर्यादा वाढवू नये. यंदाची उधारी दिवाळीनंतर वेळेवर वसूल झाली तर कपाट आधी करण्यास माझी हरकत नाही.

सजावटकाराने निम्मी रक्कम आगाऊ मागितली आहे असे आपण लिहिता. ती देऊ नये. त्यांचे रेखाटन आवडले असेल तर त्याचेच योग्य मानधन देऊन ते सुताराच्या हाती द्यावे.