पावसाआधीचे पाच महिने

डिसेंबर 2025 मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि प्रशासकांच्या लांबलेल्या राजवटीनंतर कोकणातील शहरांना पुन्हा लोकांनी निवडून दिलेले कारभारी मिळाले. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. माझी हयात नगरपालिकांच्या कामकाजात गेल्यामुळे काही मते ठाम आहेत. वाचकांनी ती सांभाळून घ्यावीत.

प्रश्न (रत्नागिरी): शहर चारही बाजूंनी वाढत असताना आम्हांला महापौर का नाही? महापालिका झाल्यास प्रश्न सुटतील का?

महापौर हे पद महानगरपालिकेत असते आणि तिच्यासाठी साधारणपणे तीन लाख लोकसंख्या लागते. 2011च्या जनगणनेत रत्नागिरी नगरपरिषदेच्या हद्दीत 76,229 लोक होते, त्यामुळे 1965च्या नगरपरिषद अधिनियमानुसार येथे नगराध्यक्षच असतात. खरी वाढ मात्र हद्दीबाहेर नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव या बाजूंना झाली असून तेथे ग्रामपंचायती आहेत. हद्दवाढीचा विषय निघाला की घरपट्टी वाढेल या भीतीने गावे विरोध करतात आणि ती भीती निराधार नाही. आधी कचरा आणि सांडपाण्याची कामे लगतच्या ग्रामपंचायतींशी करार करून एकत्र चालवून दाखवावीत. शहरात आल्याने काय मिळते हे दिसल्यावर हद्दवाढीची चर्चा निराळ्या सुरात होईल. पाटी बदलल्याने नळाला पाणी येत नाही.

प्रश्न (नव्याने निवडून आलेल्या नगरसेविका): आमच्या वचननाम्यात उद्यान, नाट्यगृह, सुशोभित चौक असे सगळे आहे. नगराध्यक्षांनी पहिल्या वर्षी काय हाती घ्यावे?

प्रथम कॅलेंडर समोर ठेवावे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर खोदकाम होत नाही आणि पुढे गणपती, दिवाळी येतात. डिसेंबरअखेर पदभार घेतलेल्या माणसाच्या हाती पावसाआधी जेमतेम पाच महिने असतात. त्यातच अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा आणि कार्यादेश यांत दोन-अडीच महिने सहज जातात. फेब्रुवारीच्या सभेत मंजूर न झालेले काम त्या वर्षी झाले नाही असेच धरून चालावे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घाईने टाकलेले डांबर श्रावणापर्यंत टिकत नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

या पाच महिन्यांत मी पाण्याची गळती थांबवणे आणि पऱ्ह्यांची, म्हणजे शहरातून खाडीकडे जाणाऱ्या ओढ्यांची, मोकळीक ही दोनच कामे निवडेन. दोन्ही जमिनीखालची किंवा नजरेआडची असल्यामुळे त्यांना फीत कापता येत नाही आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षे मागे पडतात.

कोकणात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही एप्रिलमध्ये टँकर फिरतात, कारण जांभ्याची सच्छिद्र जमीन पाणी धरून ठेवत नाही आणि नद्या आखूड व उताराच्या असल्याने ते लगेच समुद्राला मिळते. अशा ठिकाणी साठवलेला थेंब महाग असतो. शहरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण माणशी दिवसाला 135 लिटर मानले जाते आणि हिशेबाबाहेर जाणारे पाणी 20 टक्क्यांच्या आत असावे असा राष्ट्रीय निकष आहे. आपल्या शहरात ते किती जाते, असे विचारल्यावर बहुतेक ठिकाणी आकड्याऐवजी अंदाज मिळतो, कारण जलकुंभातून किती पाणी सुटले हे मोजणारे मीटर बंद असते किंवा बसवलेलेच नसते. म्हणून आधी प्रत्येक जलकुंभातून पाणी बाहेर नेणाऱ्या वाहिनीवर चालू मीटर बसवावे, त्याची रोजची नोंद ठेवावी आणि मगच नवी योजना मागावी.

यात सर्वांत मोठा जाणकार म्हणजे व्हॉल्व्हमन, अर्थात वाहिन्यांचे व्हॉल्व्ह उघडून-मिटून पाणी सोडणारा कर्मचारी. मी एकदा पहाटे चारला अशा एका कर्मचाऱ्याबरोबर फिरलो होतो. लोखंडी चावीचे टोक व्हॉल्व्हवर आणि दुसरे कानाला लावून तो ऐकत असे आणि कोणत्या वळणावर जोड फुटला आहे ते सांगत असे. त्याने दाखवलेल्या तीन जागांपैकी दोन ठिकाणी खणल्यावर गळती सापडली. त्याच्या डोक्यातला वाहिन्यांचा नकाशा कागदावर कधीच उतरला नव्हता आणि तो निवृत्त झाला तेव्हा तो नकाशाही त्याच्याबरोबर गेला. नव्या नगराध्यक्षांनी पहिल्याच महिन्यात अशा कर्मचाऱ्यांना अभियंत्यांबरोबर बसवून नकाशा काढून घ्यावा. याला खर्च जवळपास नाही.

पऱ्ह्यांचे तसेच. जुन्या नकाशावर रुंद दिसणारा पऱ्ह्या प्रत्यक्षात एखाद्या कुंपणाच्या भिंतीखालून नळाएवढ्या मोरीतून जाताना दिसतो, तर कुठे त्यावर स्लॅब टाकून रिक्षातळ केलेला असतो. मार्चमध्ये, कोरडा असताना, उगमापासून खाडीपर्यंत तो पायी चालून पाहावा.

प्रश्न (चिपळूण): 22 जुलै 2021चा पूर आम्ही विसरलेलो नाही. वाशिष्ठी नदी पाटबंधारे (जलसंपदा) खात्याच्या ताब्यात आहे; मग नगराध्यक्ष करणार काय?

नदीतला गाळ काढणे हे खरोखर जलसंपदा विभागाचे काम आहे आणि भरतीच्या वेळी खाडी पाणी घेत नाही, याला कोणताच विभाग काही करू शकत नाही. मात्र शिवनदी आणि शहरातील नाले, बांधकाम परवानग्या व विकास आराखडा ही नगरपरिषदेची बाजू आहे. निळी पूररेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. या रेषांमुळे जमिनीचे भाव पडतात, म्हणून त्या सरकवण्याचा दबाव येतो; तो ज्याने झेलला, त्याला मी चांगला नगराध्यक्ष म्हणेन. त्याखेरीज बाजारपेठेतील दुकानदारांना माल वरच्या मजल्यावर हलवता येईल एवढा वेळ आधी भोंगा वाजला पाहिजे आणि त्याची तालीम मे महिन्यातच झाली पाहिजे.

प्रश्न (सावंतवाडी): नगराध्यक्ष एका पक्षाचे आणि बहुमत दुसऱ्याचे असल्यास कारभार ठप्प होतो का?

होऊ शकतो. नगराध्यक्ष थेट मतदारांनी निवडायचा म्हटल्यावर हा धोका गृहीतच असतो. अर्थसंकल्प आणि धोरण सर्वसाधारण सभा ठरवते, तर अंमलबजावणी शासननियुक्त मुख्याधिकारी करतात. सभा बोलावणे, विषयपत्रिका आणि पाठपुरावा मात्र अध्यक्षांकडे असतो. सभेचे इतिवृत्त वेळेत कायम होईल आणि विरोधी प्रभागांतील गटारेही त्याच यादीत येतील, एवढे पाळले तरी निम्मी भांडणे होत नाहीत.

प्रश्न (मालवण): हंगामात पर्यटकांचा कचरा आवरत नाही. काय करावे?

शेजारच्या वेंगुर्ल्यात जाऊन या. तेथील नगरपरिषदेने उगमापाशीच वर्गीकरण करून कचरा डेपोचे पाहण्याजोगे ठिकाण केले आहे. तुमच्याकडे शहाळी आणि मासळीची घाण हे दोन जिन्नस स्वतंत्रपणे उचलावेत: मासळी-बाजाराची गाडी सकाळी दहाच्या आत आणि शहाळ्यांची संध्याकाळी, कारण रात्रभर पडलेल्या शहाळ्यात पावसाचे पाणी साचले की डासांची पैदास तिथेच सुरू होते.