वाचकांचे प्रश्न : बसऱ्याला गेलेले पणजोबा

प्रश्न : पणजोबा मराठा पलटणीचे. राखीव यादीत असताना 1914 साली पहिल्या महायुद्धात त्यांना परत बोलावलं, मेसोपोटेमियात (आजचा इराक) वारले. घरी एक पदक आहे. त्यांचं नाव कुठे नोंदलेलं सापडेल?

उत्तर : आधी पदक हातात घ्या. चांदीचं असेल तर कडेवर शिपाई क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण बारीक कोरलेलं असतं. भिंगातून वाचा, उजेड तिरपा पाडा. चिंच-लिंबू लावून मात्र घासू नका, अक्षरं झिजतात आणि तोच तुमचा पुरावा आहे.

मग राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (Commonwealth War Graves Commission, युद्धात पडलेल्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था) संकेतस्थळावर शोधा. आडनावावर विसंबू नका. कारकुनांनी कानाला येईल तसं लिहिलंय, पुष्कळदा आडनावच नाही. क्रमांक आणि पलटण टाका. तपशिलात बापाचं नाव, गाव, तालुका मिळाला तर खूण पटते. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी मेसोपोटेमियातल्या कूत गावी तुर्कांच्या वेढ्यात होत्या. 29 एप्रिल 1916 च्या शरणागतीनंतर अनेकजण कैदेत गेले. म्हणून मृत्यूची तारीख घरच्या आठवणीशी जुळली नाही तरी नोंद लगेच बाद करू नका.

मेसोपोटेमियात पडलेल्या, पण समाधी ठाऊक नसलेल्यांसाठी बसरा स्मारक आहे. त्याच्या फलकांवर हिंदी शिपायांची नावं नाहीत, हिंदी सैन्यातल्या फक्त अधिकाऱ्यांची आहेत. शिपाई नोंदवहीत गेले. हा भेदभावच. तेव्हा फलकाच्या फोटोत नाव शोधत बसू नका. संकेतस्थळावरून नोंदीचं प्रमाणपत्र छापून घेता येतं. चूक असल्यास पदकाच्या कडेचा स्पष्ट फोटो जोडून दुरुस्ती मागा.