वडिलांचं टेस्टोस्टेरॉन कमी आलंय, हाडांसाठी त्याचं इंजेक्शन द्यावं का?

तुमचे वडील ६८ वर्षांचे. रामकुंडाच्या पायरीवर नुसते घसरले आणि मनगट मोडलं, म्हणजे आधी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करा. त्यातला टी-स्कोअर (निरोगी तरुणांच्या तुलनेत हाडांची घनता किती ते सांगणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली आला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. इंजेक्शनच्या मागे लगेच लागू नका.

पुरुषांची हाडं टिकवण्यात मोठा वाटा इस्ट्रोजेनचा, म्हणजे स्त्रियांचं म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हार्मोनचा, असतो, हे फारसं कुणी सांगत नाही. शरीर ते टेस्टोस्टेरॉनपासूनच बनवतं. वयानुसार हार्मोनला रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन वाढतं, त्यामुळे एकूण आकडा बरा दिसला तरी हाडापर्यंत कमीच पोचतं. टेस्टोस्टेरॉनची तपासणी सकाळी, उपाशीपोटी आणि दोनदा हवी. एका रिपोर्टवर जाऊ नका.

टेस्टोस्टेरॉनने हाडांची घनता थोडी वाढते, खरं आहे. पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत फ्रॅक्चर कमी झाले नाहीत, उलट थोडे जास्तच दिसले! हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिडसारखी वेगळी औषधं आहेत, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. प्रोस्टेटसाठी हार्मोन बंद करणारं इंजेक्शन किंवा दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्यांना आवर्जून सांगा, दोन्हींनी हाडं झिजतात. नाचणीची भाकरी चांगलीच, पण तिच्यात ड जीवनसत्त्व नाही. ते रक्तात तपासून घ्या.