बायकोच्या चुलतभावानं हुंडा घेतलाय. मला पटत नसताना तिच्यासाठी लग्नाला जावं का?

जा. पण जाण्याआधी नवरदेवाला एक फोन करा आणि बायकोशी एक गोष्ट ठरवून घ्या.

तुम्ही लिहिलंय की सुपारी फुटलीय, रोख रक्कम आणि सोनं ठरलंय, लग्न तीन आठवड्यांवर आलंय. आणि बायको म्हणतेय, ‘माझ्यासाठी चला, फक्त तिथं काही बोलू नका.’ या जागी मी दोनदा उभा राहिलोय. एकदा गेलो नाही, एकदा गेलो.

आमचं स्वतःचं लग्न 2005 चं, विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करून झालेलं. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, दोन हार आणि पेढे. त्यामुळे लग्न या विषयावर बोलायचा आपल्याला खास अधिकार आहे अशी माझी समजूत होती. 2010 मध्ये सख्ख्या मेहुण्याचं लग्न ठरलं. सासर साताऱ्याकडचं. मेहुणा नुकताच नोकरीत कायम झालेला, त्यामुळे भाव वधारलेला. बैठकीला थोरला जावई म्हणून मलाही बोलावणं होतं. तिथं देण्याघेण्याचं निघणार हे माहीत होतं, म्हणून ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणून मी घरीच बसलो. पाच लाख रोख, दहा तोळे, आणि लग्नाचा दोन्हीकडचा खर्च मुलीच्या वडिलांकडे अशी याद झाली. मग मी जाहीर केलं की या लग्नाला मी येणार नाही.

जाहीर म्हणजे कुठे, तर आमच्या स्वयंपाकघरात.

बायको चार वर्षांच्या पोरीला घेऊन एकटी गेली. हळदीपासून वरातीपर्यंत जो भेटेल तो विचारत होता, दाजी कुठायत? ती सांगत राहिली, ताप आलाय. माझ्यासाठी काढून ठेवलेला टॉवेल-टोपीचा आहेर तिनं पिशवीत घालून घरी आणला. आणि खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे. दोन दिवसांनी एका चुलत सासऱ्यांचा चौकशीचा फोन आला, तेव्हा मी स्वतः ‘आता बरं वाटतंय’ असं सांगून मोकळा झालो. म्हणजे माझा निषेध तिथं ताप म्हणून पोचला आणि मीही त्याला ताप म्हणूनच मान्यता दिली. हुंडा ठरला होता तेवढा दिला गेला, एक रुपया कमी नाही.

दोन वर्षांनी मेहुण्याची बायको आमच्याकडे राहायला आली होती. भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, ‘दाजी, तुम्हाला तेव्हा खरंच ताप होता?’ मी खरं ते सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल. ती म्हणाली, ‘मग बैठकीला यायचं होतंत. बाबांनी दीड एकर रान गहाण टाकलं.’

बायको त्या वेळी काही बोलली नाही. तिला जे बोलायचं होतं ते ती लग्नाच्या आधीच बोलली होती. ‘आमच्या अण्णांना तरी तुमचं कोर्टातलं लग्न कुठे पटलं होतं? आले की नाही?’ खरं होतं ते. सासऱ्यांनी चार महिने अबोला धरला होता. नोंदणीच्या दिवशी सकाळच्या एसटीनं एकटेच आले, तिसरा साक्षीदार म्हणून सही केली, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पेढा न खाता निघून गेले. तो न खाल्लेला पेढा मी वर्षानुवर्षं त्यांच्या खात्यावर लिहून ठेवला होता. सही मात्र विसरलो होतो.

2018 मध्ये बायकोच्या मावसभावाचं लग्न ठरलं. या वेळी बैठकीला गेलो. ‘आम्ही काही मागत नाही, ते हौसेनं देतायत’ हे वाक्य तुमच्याही कानावर आलं असेल. मी म्हटलं, हौस असेल तर मुलीच्या नावावर करा. हे मी माझ्या मनाचं बोललो नव्हतो. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानं घेणं-देणं दोन्ही गुन्हाच आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच कायद्याचं सहावं कलम फार कमी लोकांना माहीत आहे. नवरीऐवजी दुसऱ्या कुणी लग्नाआधी हुंडा घेतला असेल, तर लग्नानंतर तीन महिन्यांच्या आत तो तिच्या हवाली करावा लागतो, आणि तोवर तो तिच्यासाठी सांभाळलेली ठेव मानला जातो. हे ऐकल्यावर बैठकीत सगळे गप्प झाले आणि मावशी चहा बघायला उठल्या. शेवटी मोटारसायकल रद्द झाली, रोख रकमेतली निम्मी नवरीच्या नावानं मुदत ठेवीत गेली. निम्मी गेली नाही. एवढंच जमलं, उगाच वाढवून सांगत नाही.

आणि मग लग्नाला गेलो. पत्रिकेत नाव घालू नका असं आधीच कळवलं होतं. फेटा बांधून घेतला नाही, आहेर घेतला नाही, माइकवरून सत्काराला नाव पुकारलं तेव्हा जागेवरूनच हात जोडले. अक्षता टाकल्या. जेवलोही. जेवू नये असं माझ्या एका मित्राचं ठाम मत आहे, पण नवरीच्या बापानं ज्या ताटाचे पैसे आधीच भरलेत ते उष्टं न करता परत पाठवून मी त्याचं काय भलं करणार होतो? एका मामांनी ‘जावईबापू लई शिकल्यात’ असा टोला हाणला. तो घेतला. बायकोला कुणी विचारलं तर ती सरळ सांगत होती, ‘त्यांना हुंडा पटत नाही.’

बायकोशी ठरवून घ्यायची ती गोष्ट हीच. तुम्ही गेलात तरी आणि नाही गेलात तरी, तिनं तुमच्यासाठी खोटं बोलायचं नाही. तुम्ही मांडवात भाषण करायचं नाही, कारण तो दिवस त्या पोरीचा आहे. पण कुणी विचारलं तर खरं कारण एका वाक्यात सांगायचं, दोघांनीही. ‘एक शब्द बोलू नका’ या तिच्या अटीतून एवढी सूट मागून घ्या. ती कदाचित देईलही. हुंडा तिला तरी कुठे आवडत असेल? तिला भीती आहे ती माहेर तुटण्याची. लग्न झालेल्या बाईचं माहेर अशा चार-दोन कार्यांच्या आधारानंच टिकून असतं, आणि तिथं ती एकटी दिसली की लोक हुंड्याबद्दल बोलत नाहीत, तिच्या संसाराबद्दल बोलतात.

बहिष्कार घालणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. सगळी भावकी मिळून ठरवते आणि आधी जाहीर करते, तेव्हा त्याला वजन येतं. जोतिबा फुल्यांच्या सत्यशोधकांनी 1873 मध्ये पुण्यात पहिलं लग्न लावलं, ते दुसऱ्याच्या मांडवाबाहेर रुसून बसून नाही, स्वतःचा वेगळा मांडव घालून. एकट्या जावयाच्या रिकाम्या खुर्चीवर मात्र कुणीतरी पिशवी ठेवतं.

एका बाबतीत यातलं काहीही लागू नाही. मुलगी अठराच्या किंवा मुलगा एकविसाच्या आतला असेल तर जायचं नाहीच, 1098 ला फोन करायचा किंवा ग्रामसेवकाला गाठायचं. तिथं बायकोची समजूत नंतर काढता येते.

तुमच्याकडे बैठक होऊन गेलीय, ती संधी गेली. पण नवरदेव हाताशी आहे. त्याच्या वडिलांना नको, काकूंना नको, थेट त्यालाच फोन लावा. भांडू नका. सहावं कलम सांगा, पैसे तिच्या नावावर टाक म्हणा, आणि मी लग्नाला येतोय पण आहेर घेणार नाही, हेही सांगून टाका. नंबर बायकोकडूनच घ्या, आणि ती शेजारी बसलेली असतानाच बोला.