वडील माजी सैनिक आहेत. जुने सोबती जमले की म्हातारपणावर, मरणावर खिदळतात आणि घरी मात्र गप्प असतात. त्यांना बोलतं कसं करायचं? आणि या लोकांना कशाचं गांभीर्य नसतं का?

प्रश्नाचा पहिला भाग वाचला तेव्हा हसू आलं. गुडघे, मोतीबिंदू, तिरडी यांवर हसून बेजार होणारे आणि घरात शिरताच तोंडाला कुलूप लावणारे तुमचे वडील मला न भेटताच ओळखीचे वाटले. पण ते शेवटचं गांभीर्याचं वाक्य आहे ना, ते जसंच्या तसं माझ्या मेहुण्याने मला भर पंगतीत ऐकवलेलं आहे. म्हणून उत्तर लांबणार. चहा घेऊन बसा.

मी तोपखान्यातला. ट्रेनिंग नाशिकरोडच्या सेंटरला, घरी आलो हवालदार होऊन. गाव भडगाव तालुक्यात गिरणाकाठी, कापूस आणि थोडे लिंबू आहेत.

तुमच्या लक्षात आलंय का माहीत नाही, पण जवान दोनदा म्हातारा होतो. मास्तर, तलाठी, बँकवाले साठीच्या आसपास निवृत्त होतात. केस पांढरे असतात, खांद्यावरची शाल शोभते. आम्ही अठरा-एकोणिसाव्या वर्षी भरती झालो आणि पस्तिशी-चाळिशीत 'माजी'. मी परत आलो तेव्हा पोरगी तिसरीत होती आणि गल्लीतली पोरं मला 'रिटायर बाबा' म्हणायची. केस काळे, दात शाबूत, सकाळी पाच किलोमीटर पळणारा रिटायर बाबा! तेव्हापासून म्हातारपणावर हसायची सवय लागली. खरं म्हातारपण आलं तोवर आमचा हात बसलेला होता.

आता पेन्शनसाठी नोव्हेंबरात द्यायच्या हयातीच्या दाखल्याचं सांगतो, म्हणजे हे विनोद कसे चालतात ते कळेल. आम्ही चार-पाच जण दाखल्यासाठी तालुक्याला एकत्रच जातो. सगळ्यात ज्येष्ठ सुभेदार आबा, 1971 च्या युद्धात जम्मूकडच्या छंबमध्ये होते, मुनावर तवी नदीच्या काठावर. दुसरा मराठा लाइट इन्फन्ट्रीतला, नायक हुद्द्यावरचा, पायाची दोन बोटं सियाचीनच्या बर्फात ठेवून आलेला. "माले नखं काढाले टाइम कमी लागस" हे त्याचं त्या बोटांबद्दलचं एकमेव निवेदन. तिसरा नाना, फौजेत गाडी चालवायचा, आता त्याला मोटरसायकलही सून चालवू देत नाही.

बँकेत आबांनी मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा. दुसरं बोट, लाल दिवा. दहाही बोटं झाली. काउंटरवरची मुलगी बिचारी ओशाळून म्हणाली, "आजोबा, ठसेच येत नाहीत." निवृत्तीनंतर आबांनी इतकी वर्षं कापूस वेचला, विळा-खुरपं हाताळलं, बोटांवर रेघा राहतील कुठून. नायक मागून म्हणाला, "साब, मशीन तर म्हणतंय तुम्ही गेलात. कॅन्टीनचा दारूचा कोटा माझ्या नावावर लिहून द्या, मग खुशाल जा." रांगेतला एक निवृत्त मास्तर आमच्याकडे असा बघायला लागला, जणू आम्ही खरंच कोणाचं प्रेत घेऊन आलोय.

मग मुलीने मोबाईल काढला. हल्ली चेहऱ्यावरूनही दाखला निघतो. ती म्हणाली, "आजोबा, कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकवा." आबांचे दोन्ही मोतीबिंदू काढलेले. त्यांनी कडक सावधान होऊन, छाती काढून, त्या मुलीकडे बघत डोळे मिचकवले. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या वेळी नाना म्हणाला, "साब, काकूंना सांगू का, बँकेत नातीच्या वयाच्या पोरीला डोळा मारायला आणलंय म्हणून?" आबा हसले आणि त्या हसण्यात पापण्या लवल्या, फोटो पास झाला. आबा अधिकृतरीत्या जिवंत.

नंतर शेवभाजीच्या हॉटेलात बसून हिशेब झाला. ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर 20 टक्के जादा मिळतात, पंच्याऐंशीला 30, नव्वदला 40, पंच्याण्णवला 50, आणि शंभरी गाठली की मूळ पेन्शन दुप्पट. आबांना हा तक्ता तोंडपाठ. ते म्हणतात, "चीन-पाकिस्तानला जे जमलं नाही ते मी करणार. नुसता जिवंत राहून सरकारचा खजिना रिकामा करणार." आणि हेच आबा तिखट रश्शाच्या दुसऱ्या वाटीला हात लावत नाहीत, पित्त होतं म्हणून.

या सगळ्यात कोणी कोणाला "तब्येत कशी आहे" असं विचारलेलं तुम्हाला दिसलं का? नाही ना. पण घरी जाईपर्यंत प्रत्येकाला कळलेलं होतं की आबांची नजर बरी आहे, नायकाची साखर वाढली आहे कारण त्याने चहा बिनसाखरेचा सांगितला, आणि नाना हल्ली जिना चढताना कठडा धरतो. चेष्टा करत करत सगळी चौकशी उरकून घेतलेली असते. सरळ विचारलं तर आमच्यातला एकही खरं सांगणार नाही. "एकदम फर्स्ट क्लास" म्हणेल आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात असेल.

तोपखान्यावाल्यांची तर आणखी एक गंमत, आम्ही सगळे कमीजास्त बहिरे. अमळनेरकडचा माझा एक जोडीदार आहे, आम्ही एकाच बोफोर्स तोपेवर होतो. त्याचा फोन आला की माझी बायको मागच्या ओट्यावर जाऊन बसते. तो ओरडतो, "तू आजून जित्ता शेस का रे भो?" मी ओरडतो, "काय? बाजरी? औंदा बाजरी पेरी नही!" निम्मं एकमेकांना ऐकू येत नाही, तरी अर्धा तास बोलणं होतं. मधेच तो 1999 च्या कारगिलवर येतो. दर वेळी.

येणारच. त्या उन्हाळ्यात आम्ही द्रासकडे होतो. आकडे तुम्हाला कुठेही मिळतील: त्या लढाईत तोपखान्याने अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागली. आमच्यासाठी तो आकडा म्हणजे कंबर. 155 मिलिमीटरचा एक गोळा चाळीस किलोच्या वर भरतो, आणि तो उचलायचा तेही दहा हजार फुटांच्या वरच्या हवेत, जिथे नुसतं बुटाची लेस बांधताना धाप लागते. आज माझी कंबर दुखते तेव्हा डॉक्टर एमआरआय बघून म्हणतात, "वय झालं." मी गप्प ऐकून घेतो. कानात घालायला कापूस होता. कापसाच्या जिल्ह्यातल्या पोराला कापसाचं काय कौतुक, पण माझा जोडीदार तो बोळा बोटांत चोळून बघायचा आणि म्हणायचा, "हा आपल्याकडचा नाही, धागा आखूड आहे." समोर डोंगर पेटलेला आणि हा कापसाची प्रत सांगतोय!

तोलोलिंगचं शिखर 13 जूनला हाती आलं, टायगर हिलचं 4 जुलैला. त्याच्या मधल्या एका रात्री पलीकडून मारा सुरू होता आणि आम्ही खंदकात अंग चोरून बसलो होतो. तिशी नुकतीच ओलांडलेली. जोडीदार माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मी गेलो तर माझी ट्रंक मोठ्या भावाला देऊ नको. त्याने माझे उसने पैसे अजून दिले नाहीत." मी म्हणालो, "मग मला दे, मलाही तुझे द्यायचे आहेत." आम्ही दोघं इतके हसलो की नंबर वनने, म्हणजे आमच्या तोपेवरच्या प्रमुखाने, शिव्या घातल्या. शेजारच्या तोपेवर त्या रात्री काय झालं ते मी इथे लिहिणार नाही.

तुमच्या वडिलांचे विनोद म्हातारपणी सुरू झालेत असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं ते फार जुने आहेत. तेव्हा विषय ट्रंकेचा होता, आता बीपीच्या गोळीचा आहे.

आता मेहुणा. तो बँकेतला. त्याच जिल्ह्यात, बहुतेक त्याच तालुक्यात सगळी नोकरी. चाळीसगावला नात्यातलं लग्न होतं, वरण-बट्टीची पंगत बसलेली. आम्ही तिघे माजी सैनिक ओळीने बसून, आपल्यात पहिला कोण जाणार याची सिनियॉरिटी लावत होतो. नायक म्हणत होता, प्रमोशनच्या वेळी मला मागे ठेवलं, आता पण मागेच ठेवा. मेहुण्याने वाढप्याला थांबवून, चार लोकांना ऐकू जाईल असं म्हटलं, "चाळिशीत सरकारने पोसायला घेतलं की कशाचं गांभीर्य राहतंय? बसायचं आणि थापा मारायच्या." वर वन रँक वन पेन्शनवरही, म्हणजे समान हुद्दा-समान सेवेला समान पेन्शन यावरही घसरला. लग्नघर होतं, बायकोचा भाऊ होता, मी तुपाची धार ओतून घेतली आणि गप्प बसलो.

तेव्हा दिलं नाही ते उत्तर इथे देतो. त्याची पोरं रोज संध्याकाळी बापाच्या स्कूटरचा आवाज ऐकून दाराशी यायची. मी झेलम एक्सप्रेसने भुसावळला उतरून, काळी ट्रंक खांद्यावर घेऊन घरी पोचलो की माझी पोरगी आजीच्या लुगड्यामागे लपायची. ती जवळ यायला लागायची तोवर रजा संपत आलेली असायची. ते वर्षांचे हिशेब पेन्शनच्या पासबुकात निघत नाहीत. राहिला थापांचा मुद्दा. हो, मारतो. नायकाच्या गोष्टीतला सियाचीनचा बर्फ दरवर्षी फूटभर वाढतो, नानाची गाडी दरवर्षी दरीच्या आणखी काठावर जाते. ऐकणाऱ्या आम्हालाही ते माहीत असतं. त्यातला मूळ बर्फ खरा होता ना, मग वरच्या फूटभराने कोणाचं काय बिघडलं?

आणि गांभीर्याचं म्हणाल तर मेहुणा आता स्वतः निवृत्त झालाय. यंदा त्याचाही अंगठा मशीनने घेतला नाही. आठ दिवस घरात सुतक. वरिष्ठांना अर्ज, बीपी वाढलं, त्याच्या बायकोचा आम्हाला फोन. अंगठा नाही उठला म्हणून हसायला त्याच्याजवळ एक माणूस नव्हता. 36 वर्षं नोकरी केली, रोज डबा एकट्याने खाल्ला असणार.

असो. तुम्ही वडिलांना बोलतं कसं करायचं असंही विचारलंय. "पप्पा, युद्धात काय झालं?" असं विचारू नका. मेलं तरी सांगणार नाहीत. लंगरमध्ये काय मिळायचं, ट्रेनिंगचा उस्ताद कसा होता, रजेची चिठ्ठी कशी मिळवायची, ट्रंकेवर नंबर कोणी रंगवला, असलं विचारा. मोबाईल समोर धरून रेकॉर्ड करू नका, फौजी लगेच टीव्हीवरच्यासारखं हिंदी बोलायला लागतो. 26 जुलैला, कारगिल विजय दिवसाला, कुठे कार्यक्रम असेल तर मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन जा, कोपऱ्यात बसा आणि आकडे दुरुस्त करू नका. द्रासच्या पॉइंट 5140 या शिखराला 2022 मध्ये 'गन हिल' नाव दिलं, ती बातमी मी बायकोला वाचून दाखवली तेव्हा माझ्याच तोंडून इतकं काही बाहेर पडलं की ती म्हणाली, इतकी वर्षं हे कुठे ठेवलं होतं? असा एखादा धागा हाती लागला तर ओढा, नाही लागला तर राहू द्या.

एक मात्र सांगायचं राहिलं. सगळंच गप्प राहणं साधं नसतं. वडील रात्री दचकून उठत असतील, फटाक्याला घाम फुटत असेल, कोट्याची बाटली महिनाअखेरपर्यंत टिकत नसेल, किंवा सोबत्यांकडे जाणंही त्यांनी बंद केलं असेल, तर माझं हे सगळं पुराण बाजूला ठेवा आणि त्यांना डॉक्टरकडे न्या. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड त्यासाठीच आहे आणि मनाच्या डॉक्टरकडे जाण्यात काही कमीपणा नाही. आमच्यातल्या एकाला आम्ही तिघांनी मिळून नेलं होतं. शिवाय मी बोलतोय ते आमच्या चार-पाच जणांवरून. तुमचे वडील नेव्हीचे असतील तर त्यांची तऱ्हा वेगळी असू शकते.

आणि आईला विचारा. वडिलांनी तुम्हाला सांगितलं नाही ते तिला बरंच ठाऊक असेल. फक्त तिच्यासमोर तिरडीचे विनोद नकोत, बायकांना ते खपत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. मी एकदा बायकोला गमतीत म्हणालो, मी गेल्यावर तुला फॅमिली पेन्शन मिळेल, काळजी नको. तिने भाकरी उलटवत विचारलं, किती? मी आकडा सांगितला. ती म्हणाली, "तेवढ्यात भागायचं नाही. तुम्हीच राहा."