शेततळ्यातील पाणपिसवा : औषध ओतू नका

प्रश्न (यावल तालुक्यातील केळी उत्पादक) : शेततळ्यात बारीक, तांबूस, उड्या मारणारे किडे झाले असून ड्रीपचा फिल्टर वारंवार चोंदतो. दुकानदार सायपरमेथ्रीन हे कीटकनाशक टाकण्यास सांगतो, तर घरातील वडीलधारे या पाण्याने नारू (जंताचा रोग) होईल म्हणतात. काय करावे?

उत्तर : हे किडे म्हणजे पाणपिसवा होत. नावात पिसू असली तरी त्या कोळंबीच्या गोत्यातल्या असून कोणाला चावत नाहीत. नारूचा प्रसार सायक्लॉप्स या वेगळ्या जिवामुळे होत असे आणि भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला. त्यामुळे ती भीती सोडावी.

फिल्टर मुख्यतः शेवाळाने चोंदतो, आणि तेच सूक्ष्म शेवाळ पाणपिसवा दिवसरात्र गाळून खातात. औषधाने त्या मेल्या की आठ-पंधरा दिवसांत पाणी हिरवेगार होते आणि शेतकरी पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढतो. हा प्रकार मी अनेक तळ्यांवर पाहिला आहे. ३० बाय ३० मीटरच्या, उतरत्या कडांच्या, तीन मीटर खोल तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. त्यात दहा टक्क्यांचे एक लिटर सायपरमेथ्रीन ओतले तरी लिटरमागे सुमारे ४५ मायक्रोग्रॅम विष होते, आणि मासे मरण्यास याहून कितीतरी कमी पुरते. दुकानदार मात्र ‘थोडे जास्तच टाका’ म्हणतो. कीटकनाशक पिकासाठी असते, तळ्यासाठी नव्हे. ते तळ्यात ओतू नका. शेवाळ मारण्यासाठी मोरचूदही मनाने टाकू नका, कारण शेवाळ एकदम मरून कुजले की पाण्यातील प्राणवायू संपतो.

पिसवांचा तांबूस रंग हाच प्राणवायू कमी असल्याचा इशारा असतो, कारण अशा पाण्यात त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन वाढते. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन उजेडासमोर धरा. मादीच्या पाठीत अंडी दिसतील. नराशिवायही त्या वाढतात आणि तळे आटले तरी त्यांची टणक अंडी गाळात टिकून राहतात, म्हणून औषधाने त्यांचा कायमचा नायनाट होईल ही आशाही फोल आहे.

फिल्टरसाठी फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाची झडप) तळापासून वर टांगावा, त्याला बारीक जाळी बांधावी आणि वाळूच्या फिल्टरचे बॅकवॉश (उलट्या प्रवाहाने धुणे) नियमित करावे. पाणपिसवा दिवसा खोल जातात व संध्याकाळी वर येतात, हे लक्षात घेऊन पंपाची वेळ ठरवावी.

माझा आग्रह मात्र तळ्यात कटला मासा सोडण्याचाच राहील. पाणपिसवा हे त्याचे आवडते खाद्य असून तळ्यात ते फुकट तयार आहे. बोटुकली (माशाची बोटाएवढी पिल्ले) बेताची, सकाळी गारव्यात, पिशवी तळ्यात तरंगत ठेवून पाण्याचे तापमान जुळल्यावर सोडावी. विक्रेता सांगेल तेवढी भाराभर सोडू नका. नाहीतर पिसवा संपतील आणि पाणी पुन्हा हिरवे होईल. औषध आधीच टाकले असल्यास बोटुकली मुळीच सोडू नका.

नव्या शेततळ्याच्या व अस्तरीकरणाच्या अनुदानासाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करावा. तपशील सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) मिळेल.