अमेरिकेत मुलीसाठी मॉडेल रॉकेटचं किट घेतलं, पण गावच्या पार्कमध्ये उडवायला मनाई आहे. हा छंद बंदच पडत चाललाय का?

केंद्राची बंदी नाही. कागद, लाकूड किंवा ठिसूळ प्लॅस्टिकचं, एकूण १,५०० ग्रॅम आणि इंधन १२५ ग्रॅमपर्यंतचं रॉकेट असेल, तर विमानांना धोका न होईल असं उडवायला एफएएची (अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाची) आगाऊ परवानगी लागत नाही. अडतं ते गावात. पार्कच्या नियमांत बरेचदा रॉकेट फटाक्यांच्याच ओळीत बसवलेलं असतं. कॅलिफोर्नियात तर स्थानिक अग्निशमन अधिकाऱ्याची परवानगी घ्यावीच लागते. जवळचं मैदान गेलं की तासभर गाडी चालवत जावं लागतं आणि दोन-तीन खेपांनंतर किट माळ्यावर जातं. छंद आटतो तो असा, आणि मला ते फार लागतं.

म्हणून आधी मोटर, म्हणजे रॉकेटमधली इंधनाची नळी, लहान करा. तिची ताकद ए, बी, सी, डी अशी अक्षरागणिक वाढत जाते. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षा नियमांत मैदानाची लहान बाजू सी मोटरला ४०० फूट हवी, बी-ला २००, ए-ला फक्त १००. अमेरिकन फुटबॉलचं मैदान १६० फूट रुंद असतं, म्हणजे तिथे ए८-३ ही ए मोटर चालते, सी६-५ ही सी मोटर नाही. बहुतेक जण पहिल्याच दिवशी सी लावतात आणि रॉकेट शेजारच्या छपरावर जातं. तक्रार होते ती तिथून. वारा असेल तर पॅराशूटच्या मधोमध भोक पाडा किंवा हलक्या रॉकेटला नुसती फीत लावा. वाहून जाणं बरंच कमी होतं.

परवानगी तोंडी मागू नका. एका पानावर जागा, तारीख, मोटरचा प्रकार, सुकं गवत काढलेली जागा, हाताशी पाणी आणि अग्निशामक, असं सगळं लिहा. सोबत एनएफपीए (अमेरिकेतली अग्निसुरक्षा संघटना) ११२२ चा उल्लेख करा. मॉडेल रॉकेटसाठीचीच ती संहिता आहे आणि अग्निशमनवाले तिची भाषा ओळखतात. जमीनमालक विम्याचं विचारतात, त्यामुळे असोसिएशनशी संलग्न क्लबमार्फत गेलात तर बोलणं सोपं जातं.

प्रत्यक्ष उडवताना डी-पर्यंतच्या मोटरला १५ फूट लांब उभे राहा. पेटलं नाही तर आधी लाँचरची किल्ली काढा आणि ६० सेकंद जवळ जाऊ नका. कारण बहुधा एकच असतं: इग्नायटरचं (मोटर पेटवणाऱ्या तारेचं) टोक मोटरमधल्या दारूला टेकलेलं नसतं. पॅराशूट वितळून चिकटलं तर वॅडिंग, म्हणजे पॅराशूटला आचेपासून वाचवणारा अग्निरोधक कागद, कमी पडलंय. तोच कागद वापरा. साधा टिश्यू पेटत खाली येतो, आणि सुक्या गवतात तेवढं पुरतं.